‘तुमी कायद्यान गेलास, मग भीती कसली?’

पत्र (थोडं कापून देतेय): मावशी, मी देवगडची, आता न्यू जर्सीत. नवरा एच-वनवर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोरवर म्हणजे त्याच्या जोरावरच्या व्हिसावर, ईएडी (कामाचा परवाना) आहे म्हणून नोकरी करते. ग्रीन कार्डच्या (कायम राहायच्या परवान्याच्या) लायनीत आहोत, नंबर कधी लागेल देव जाणे. मुलगा कुडाळला जन्मला, आता पंधरा वर्षांचा आहे, मुलगी इथलीच, आठ वर्षांची. हल्ली इथलं वातावरण पार बिघडलंय, दुकानात एकाने मुलासमोर ‘परत जा’ म्हटलं. ऑफिसातल्या मैत्रिणी इमिग्रंट लोकांच्या मोर्चाला चल म्हणतायत, नवरा म्हणतो स्टेटस (इथे राहायची परवानगी) सांभाळ, गप्प बस. आणि तिकडे बाबा! आमच्या कलमांच्या बागेत एक नेपाळी कुटुंब राखणीला आहे, त्यांची पोरगी वाडीच्या शाळेत जाते. शेजारच्या बागेतून पेट्या चोरीला गेल्या तर बाबांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं, ‘हे नेपाळी लय झाले, एकेकाक हाकलून देवक होयो’, आणि त्याच्याच खाली अमेरिकेने बेड्या घालून पाठवलेल्या लोकांचा व्हिडिओ, ‘बरा केल्यानी’. मी म्हटलं बाबा, मी पण इथे बाहेरचीच आहे, तर म्हणाले, ‘तुमी कायद्यान गेलास, मग भीती कसली?’ मला उत्तर सुचलं नाही. मोर्चाला जाऊ का? बाबांना काय सांगू? की सरळ परत येऊ?

गो बाय माझे,

मोर्चाचं आधी सांगते, ते त्यातल्या त्यात सोपं आहे, बाबांचं लांबणार.

बोलायचं आणि छापायचं स्वातंत्र्य अमेरिकेत फक्त सिटिझनांना नाही, तिथे राहणाऱ्या परक्या माणसालाही आहे, हे त्यांच्या सुप्रीम कोर्टाने १९४५ मध्येच म्हटलंय. हॅरी ब्रिजेस म्हणून एक ऑस्ट्रेलियातून आलेला गोदी कामगारांचा पुढारी होता, सरकार त्याला देशाबाहेर काढायच्या मागे लागलेलं, त्या केसमधली ही गोष्ट. पण कोर्टाने म्हटलं म्हणजे कोणी दारात येणारच नाही असं थोडंच आहे. मार्च २०२५ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या महमूद खलीलला उचललं, ग्रीन कार्ड असलेला माणूस, गुन्हा कुठला लावलेला नाही, पॅलेस्टाइनच्या बाजूच्या आंदोलनात पुढे होता एवढंच, आणि जूनपर्यंत लुइझियानात डांबून ठेवला, मधे त्याचं पहिलं मूल जन्मलं तरी सोडला नाही. त्याच महिन्यात टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या एका तुर्की विद्यार्थिनीला रस्त्यातून उचललं, का तर कॉलेजच्या पेपरात चौघांनी मिळून लिहिलेला एक लेख. दोघंही सुटले, पण कोर्टाने सोडवलं तेव्हा. म्हणून तुझा नवरा घाबरतो तर त्याला भित्रा म्हणू नकोस, त्याच्या स्टेटसवर चौघांचं पोट आहे.

तरी मी असती तर गेले असते. परमिशन घेतलेला, दिवसाउजेडी, पोराबाळांना घेऊन लोक येतात तसला मोर्चा असेल तर जा. जिथे रस्ता अडवायचा, अटक करवून घ्यायची असं आधीच ठरलंय तिथे व्हिसावाल्याने जाऊ नये, ते सिटिझनांना करू दे. नुसती अटक झाली, पुढे केस सुटली, तरी तेवढ्यावरून व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत. पर्समध्ये आय-९४ ची, म्हणजे देशात शिरल्याच्या नोंदीची, प्रिंट ठेव, तिथे अठराच्या वरच्या परक्या माणसाने रजिस्ट्रेशनचा कागद जवळ बाळगायचा असा कायदाच आहे. वकिलाचा नंबर कागदावर लिहून ठेव, फोन हातातून गेला तर पाठ कोणाला असतो? कोणी विचारलंच तर खोटं बोलायचं नाही, आणि काहीही झालं तरी ‘मी सिटिझन आहे’ हे शब्द तोंडातून जाता कामा नयेत, त्या एका वाक्याने कायमचे दरवाजे बंद होतात. वकिलाशी बोलायचंय म्हणून गप्प राहता येतं. इमिग्रेशनचे लोक घराच्या दारावर आले तर दार उघडायच्या आधी वॉरंट दाखवा म्हण आणि त्यावर जज्जची सही आहे का ते बघ, ऑफिसातल्या साहेबाची नव्हे.

इन्स्टाग्रामचं पण लक्षात ठेव. १५ डिसेंबर २०२५ पासून स्टॅम्पिंगला, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला, कॉन्सुलेटला जाणाऱ्या एच-वन, एच-फोरवाल्यांना सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात. तू काय टाकतेस ते कॉन्सुलेटचा माणूस वाचणार हे धरूनच टाक. टाकूच नकोस असं मी म्हणत नाही हां. आणि मोर्चाला नाही गेलीस तरी टाउनशिपच्या मीटिंगला बसता येतं, बोलता येतं, मुलाच्या शाळेत विचारता येतं की बाबांनो कोणी आलं तर तुम्ही काय करणार, इमिग्रेशनच्या केसेस फुकट लढणाऱ्या वकिलांना चार डॉलर देता येतात.

आता बाबा.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे हे आधी कबूल करून टाक, नाहीतर ते पुढचं ऐकणारच नाहीत. आत कोणाला घ्यायचं ते कुठलाही देश ठरवणारच. पण ज्या कायद्याने तू गेलीस तो कायदा कधी झाला, कोणामुळे झाला हे त्यांना माहीत नाही, आणि खरं सांगू, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आपल्या मराठी लोकांतल्या निम्म्यांना पण माहीत नाही.

१९१७ मध्ये अमेरिकेने जवळजवळ अख्ख्या आशियाला दार बंद केलं, त्यात आपण आलो. भगतसिंग थिंद नावाचा एक पंजाबी गृहस्थ, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, त्याने नागरिकत्व मागितलं तर १९२३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं तू गोरा नाहीस, जमणार नाही. बरं तेवढ्यावर थांबले नाहीत, ज्या हिंदी लोकांना आधीच नागरिकत्व दिलेलं त्यातल्या कितीतरी जणांचं काढून घेतलं. वैष्णो दास बगाई म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे एक होते, बायकापोरं तिकडेच, त्यांचं नागरिकत्व गेलं, मालमत्ता ठेवायची पंचाईत झाली, आणि त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. ही सगळी माणसं कायद्यानेच गेली होती. मग १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, अख्ख्या हिंदुस्थानातून वर्षाला १०० माणसं. चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या दोन एष्ट्या भरतील एवढी.

खरं दार उघडलं ते १९६५ मध्ये. त्या मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या लोकांना पोलिसांनी काठ्यांनी फोडून काढलं, टीव्हीवर देशाने बघितलं. ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला, आणि ३ ऑक्टोबरला त्याच राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसाहेबांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर सही केली, जन्माचा देश बघून कोटा द्यायची जुनी पद्धत गेली. एकाच हवेत झालेत ते दोन्ही कायदे. माणसाला वंशावरून वेगळं काढायचं नाही हे देशाच्या आत मान्य करावं लागलं, मग तेच दारावर कसं चालवणार होते? आपले डॉक्टर, इंजिनियर त्याच्यानंतर गेले. म्हणून आपली मंडळी पार्टीत बसून ‘हे काळे लोक’ अशी सुरुवात करतात ना, तेव्हा माझं डोकं उठायचं आणि अजून उठतं.

अजून एक गंमत आहे, गंमत कसली म्हणा. मेक्सिकोची माणसं पिढ्यानपिढ्या शेतीच्या हंगामाला यायची आणि परत जायची, १९४२ पासून तर सरकारच करार करून आणत होतं. तो करार १९६४ मध्ये संपला, आणि ज्या १९६५ च्या कायद्याने आपल्याला दार उघडलं त्यानेच त्यांच्या बाजूला पहिल्यांदा आकड्याची मर्यादा घातली. माणसं तीच, शेत तेच, टोमॅटो तेच, फक्त आता ती बेकायदा. तेव्हा ‘आम्ही लायनीत उभे राहिलो, त्यांनी पण राहावं’ असं कोणी म्हणालं की मी विचारते, बाबा रे, शेतमजुराला उभं राहायला लाइन कुठे आहे ती दाखव.

आणि कायद्याने गेलेल्याला भीती नसते हे तर बाबांनी डोक्यातून काढूनच टाकावं. मी जर्सी सिटीत होते १९८७ मध्ये. टिकली लावणाऱ्या बायका दिसल्या की मारू असं पत्र एका टोळक्याने पेपरला पाठवलं, ‘डॉटबस्टर्स’ म्हणायचे स्वतःला. होबोकेनमध्ये नवरोझ मोदी नावाच्या तरुणाला पोरांनी एवढं मारलं की तो गेला, आणि तो पारशी होता, बँकेत नोकरीला. जर्नल स्क्वेअरला भाजी घ्यायला निघताना आम्ही टिकली काढून पर्समधल्या आरशाच्या मागे चिकटवायचो आणि घरी आलं की परत लावायचो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी नाही काढली, त्या म्हणाल्या कुंकू आहे ते, जीव गेला तर त्याच्यासकट जाईल, त्यांच्यासोबत चालायला आम्ही टरकायचो. कोणीही थांबवून विचारलं नाही हो, बाई तुमचं ग्रीन कार्ड बघू. आपली पोरं रस्त्यावर उतरली, निदर्शनं झाली, मग कुठे वरचे लोक हलले. २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोटलाला ‘माझ्या देशातून चालता हो’ म्हणत गोळी घातली, तो पण एच-वनवरच होता, सगळे कागद चोख, आणि तो गेला तसं त्याच्या बायकोचं डिपेंडंट स्टेटसही गेलं. तू एच-फोरवर आहेस म्हणून मुद्दाम सांगतेय. घाबरवायला नव्हे, बाबांनी ‘भीती कसली’ विचारलंय म्हणून.

आता बागेतल्या माणसाकडे येऊ. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० चा करार आहे, नेपाळच्या माणसाला इथे यायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. म्हणजे कागदाच्या हिशोबाने बघितलंस तर तुझ्या नवऱ्यापेक्षा तो नेपाळी जास्त पक्का बसलाय! तुझ्या नवऱ्याची नोकरी सुटली तर त्याला साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर गाशा गुंडाळायचा. नेपाळ्याला साठ दिवसांची भानगडच नाही. हे बाबांना नीट समजावून सांग, मग विचार, कायद्याने आलेला कोण?

चोरी झाली असेल तर ज्याच्यावर संशय आहे त्याच्या नावाने पोलिसात तक्रार द्यायची. शेजाऱ्याच्या पेट्या गेल्या म्हणून स्वतःच्या बागेतल्या माणसाला हाकलायचं हा कुठला न्याय? आणि हाकलल्यावर पुढे काय? मोहोर आल्यापासून वानरं राखायची, रात्री मांगरात झोपायचं, झेला घेऊन एकेक फळ देठासकट उतरवायचं, पेंढा घालून पेट्या भरायच्या, हे करायला वाडीतला कुठला पोरगा शिल्लक आहे? अर्धे मुंबईला, सावंतवाडी-बांद्याकडचे रोज बाइक मारत गोव्याला. आणि गोव्यात ते आपल्या पोरांना काय म्हणतात ते बाबांना चांगलं ठाऊक आहे, घाटी म्हणतात, भायले म्हणतात, तेव्हा आपल्याला किती झोंबतं. बंदरावर तेच, ट्रॉलरवरचे खलाशी मोजून बघ, नेपाळी किती निघतात ते.

पण बाबांना सगळंच झटकून टाकू नकोस. बाहेरून माणूस स्वस्तात मिळतो म्हणून इथल्या गड्याचा रोज वाढत नाही ही तक्रार खोटी नाही. कोण आलं, कुठे राहतंय याची पोलीस पाटलाकडे, ठाण्यात नोंद हवी हेही बरोबरच. फक्त ती करायची कोणी? बागवाल्याने. बाबांनी केलीय का? हंगाम संपला की उचल कापून उरलेले पैसे पावसाच्या आधी पूर्ण चुकते करतात का? आणि त्या माणसाला सहीला वही दाखवतात का? स्वस्तात राबवून घ्यायचं आणि वर तो स्वस्तात राबतो म्हणून शिव्या द्यायच्या, हे अमेरिकेतले शेतमालक पण करतात, बाबा काही नवीन करत नाहीयेत.

त्या नेपाळ्याच्या पोरीचं वाचून मला बरं वाटलं. अशी दोनचार पोरं पटावर आहेत म्हणून कितीतरी वाड्यांतल्या शाळांना अजून टाळं लागलेलं नाही. टेक्सासमध्ये कागद नसलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळेत फुकट घ्यायचं नाही असा कायदा केला होता, १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मोडीत काढला, म्हणाले आईबापांनी केलेल्या गोष्टीची शिक्षा पोराला नाही. माझं सगळं म्हणणं या एका केसमध्ये येतं. आत कोणाला घ्यायचं यावर भांडा, मतं द्या, कायदे बदला. पण जो माणूस आत्ता इथे, आपल्यासमोर आहे, त्याला शाळा, वकील, कोर्ट, मजुरी मिळायची की नाही याच्यावर मतदान होऊ नये. आपल्या घटनेचं चौदावं कलम पण नागरिकांपुरतं नाही, भारताच्या हद्दीतल्या कुठल्याही माणसाला कायदा सारखा.

तो बेड्यांचा व्हिडिओ. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला लष्करी विमान उतरलं, १०४ माणसं, हातापायात साखळ्या घालून आणलेली. त्यात महाराष्ट्रातले तिघं होते हे बाबांना माहितीये का विचार. परत पाठवलं, ठीक आहे, त्यांचा कायदा. चोरदरोडेखोरासारखं बांधून आणलं ते कशाला, हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारला म्हणून कोणी बेकायदा लोकांच्या बाजूचा होत नाही. आपल्याकडे काय वेगळं चाललंय म्हणा, त्याच वर्षी मुंबईच्या बाजूला कामाला असलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार ढकललं आणि मग ते भारतीयच निघाले म्हणून परत आणावं लागलं. भाषा ऐकून ठरवलं की असं होतं. उद्या गोव्यात आपली मालवणी ऐकून कोणी काही ठरवलं तर?

नवऱ्याला एक सांग. मुंबईहून गावी येताना महाड लागतं, तिथे चवदार तळं आहे. सगळ्यांना खुलं आहे असा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. पाणी मात्र कोणी पिऊ देत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन गेले, प्याले, मार खाल्ला, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. बाबासाहेब स्वतः १९१३ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेलेले, कोलंबियातच, आणि पुढे १९४६ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे नेते ड्यू बॉइस यांना त्यांनी पत्र लिहिलं, की तुम्ही लोक युनोकडे जी मागणी करताय त्याची प्रत मला पाठवा, आमच्या लोकांसाठी बघायचीय. तेव्हा यांचं वेगळं, आपलं वेगळं असं काही नसतं. गप्प बसून स्टेटस सांभाळता येतं, खरंय, पण त्या स्टेटसमागचा कायदा दुसरं कोणीतरी सांभाळत असतं.

मुलांचं. मुलीची काळजी सोड, तिथे जन्मली, ती सिटिझन, अमेरिकेच्या घटनेची १८६८ ची चौदावी दुरुस्ती आणि १८९८ ची तिथेच जन्मलेल्या वाँग किम आर्कची केस, त्याचे आईबाप चिनी आणि त्यांना तर नागरिक होताच येत नव्हतं. जानेवारी २०२५ चा जो जन्माच्या नागरिकत्वाचा आदेश निघाला तो पुढे जन्मणाऱ्यांसाठी होता, खालच्या कोर्टांनी तोही अडवला, आणि तुझ्या मुलीला तो लागूच नव्हता. काळजी कर मुलाची. वर्षाला १,४०,००० नोकरीवाली ग्रीन कार्डं आणि एका देशाला साधारण ७ टक्केच, म्हणून भारताची लाइन हलत नाही, आणि मुलगा २१ चा झाला की तुमच्या फाइलमधून बाहेर, स्वतःचा व्हिसा शोधायचा. वकिलाला आत्ताच सीएसपीए या मुलांचं वय धरायच्या कायद्याप्रमाणे त्याचं वय काढून द्यायला सांग, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) जितके दिवस पेंडिंग होतं ते वजा होतं. एका ताटात जेवणारी दोन भावंडं, एकीला कोणी हात लावू शकत नाही आणि एकाला स्वतःचा व्हिसा शोधावा लागेल, हे पण बाबांना सांग, दोघंही कायद्यानेच तिथे आहेत म्हणावं.

परत यायचं? रागाने येऊ नका, एवढंच म्हणेन. दुकानातल्या एका माणसासाठी मुलाची हायस्कूलची वर्षं मधेच तोडायची नाहीत, नवऱ्याला इथे नोकरी बघून मग ठरवा. आणि आलात तर मुलीचं ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) आधी करून ठेव, कारण इथे परदेशी ती असेल. मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबांची कलमं तिला वारशाने मिळतील, पण शेजारची बाग विकायला निघाली तर घेता यायची नाही. आजोबांची लाडकी आहे म्हणतेस ना, मग हे त्यांना जरूर सांग.

फक्त ग्रुपवर लिहू नकोस, तिथे काकाआत्या सगळे उड्या मारतील आणि बाबा हट्टाला पेटतील. फोन कर, त्यांचा बातम्यांचा टाइम सोडून, सकाळी बागेत फेरी मारून आले की चहाच्या वेळेला. आणि मे महिन्यात येणार असाल तर तिकीट काढायच्या आधी तुम्हा दोघांच्या आणि मुलाच्या पासपोर्टवरचा स्टॅम्प तपासा, संपला असेल तर कॉन्सुलेटची तारीख हातात असल्याशिवाय निघू नका, आंबे काय, तिथल्या दुकानातून पण मागवता येतात.

तुझी मावशी, वेंगुर्ल्याहून